उपरोक्त हळद

माझ्या बाबांच्या बोलण्यात आणि लिहिण्यात फरक नव्हता. मुंबईतल्या एका सरकारी कचेरीत ते दिवसभर पत्रांचे मसुदे करायचे, आणि संध्याकाळी भाईंदरला घरी आले तरी तीच भाषा त्यांच्या तोंडात असायची. आईने विचारलं, "आमटी कशी झालीय?" तर चमचा खाली ठेवून म्हणायचे, "मिठाबाबत फेरविचार व्हावा." मी शाळेच्या सहलीला पैसे मागितले की कारण, ठिकाण आणि परतीची वेळ लिहून द्यावी लागे, आणि मग त्याच कागदावर खाली 'मान्य' असं येई. हे ते गंमत म्हणून करत नसत. माझ्या सबंध आयुष्यात मी त्यांना एकही विनोद करताना पाहिलेलं नाही. म्हणूनच जे झालं ते झालं असं मला आज, त्यांच्या तेव्हाच्या वयाला मागे टाकल्यावर, वाटतं.

आम्ही गिरगावातून नवघरला राहायला आलो तेव्हा मी सातवीत होते. इमारत नवी होती, पण मिठागरावरून येणाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज दोन वर्षांतच गंजून फुगले होते. आई त्यांना दर दिवाळीला तेलरंग लावायची आणि संक्रांतीपर्यंत पापुद्रे सुटायचे. नळाला पाणी दिवसाआड. ते आलं की तळमजल्यावरचा पंप घरघरायला लागायचा आणि सगळ्या इमारतीत एकदम भांड्यांचा आवाज उठायचा. आमच्या न्हाणीत एक निळा पिंप होता, तो भरेपर्यंत कोणीही कोणाशी भांडायचं नाही असा आईचा नियम होता. रविवारी सकाळी उत्तनच्या बाया डोक्यावर पाटी घेऊन जिन्यापर्यंत यायच्या. आई ओल्या बोंबलांना मीठ लावून पाट्याखाली दाबून ठेवायची, आणि दुपारी रव्यात घोळवून तळायला घेतले की वरच्या मजल्यावरचे गुजराती शेजारी धाडकन खिडकी लावून घ्यायचे. पुढे त्यांच्याच सुनेने आईकडून तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण शिकून घेतलं, पण ती गोष्ट निराळी.

पाण्याचे अर्ज बाबाच लिहायचे. सगळ्या इमारतीचे, पुढे शेजारच्या तीन इमारतींचेही. त्यामुळे बाबांना, म्हणजे खातूसाहेबांना, मराठी लिहिता येतं ही बातमी स्टेशनपर्यंत गेली होती. स्टेशनजवळ रसिकभाईंचं कॅसेटचं दुकान होतं. ते राहायचे आमच्याच इमारतीत तळमजल्यावर, पंपाच्या खोलीला लागून. दुकानात नुसत्या कॅसेटी विकण्यापेक्षा स्वतःची एक काढावी असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. हळदीची कॅसेट. आजूबाजूच्या गावांत लग्नं जोरात होत, आणि हळदीला स्पीकर नाही असं घर नव्हतं.

एका रविवारी, बोंबील अजून पाट्याखाली असताना, रसिकभाई आमच्याकडे आले. "खातूसाहेब, अपना काम अटकेला है," ते म्हणाले. "आठ गाणी पाहिजे, सात झाली. लिहिणारा माणूस गावी गेला, तो येतच नाय. तुम्ही एक लिहून द्या ने."

"विषय?" बाबांनी विचारलं.

"हळद."

"कोणी कोणाला लावायची आहे?"

रसिकभाई गोंधळले. "सब लोग, नवरीला."

"मुदत?"

"आज रात्री रेकॉर्डिंग छे."

बाबांनी पेनाचं टोपण काढलं. आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि आत गेली. बाबा टेबलाशी बसले, समासाची घडी घातली, वर उजव्या कोपऱ्यात सवयीने दिनांक लिहिला. जेवायला हाक मारली तेव्हा ते उठले नाहीत. मी तळलेला बोंबील बशीत घालून नेऊन ठेवला, तो तसाच निवला. चार वाजता त्यांनी कागद माझ्या हातात दिला, सुवाच्य अक्षरात उतरवून काढ म्हणाले. मी उतरवताना पहिल्यांदा ते गाणं वाचलं:

सदर नवरी, सदर नवरी
बसली पाटावरी गं,
उपरोक्त हळद लावा तिला
दोन्ही गालांवरी गं.

वरील विषयी कळविण्यात येते
मामा आले दारी गं,
सोबत जोडली साडीचोळी
तपासून घ्यावी सारी गं.

पाठीवर उठली पाचही बोटं
मामीचे पृष्ठांकन गं,
मुदतीत करावी पाठवणी
नवरी हिचे निवेदन गं.

आपली विश्वासू, आपली विश्वासू
म्हणते नवरी वराला गं,
प्रत रवाना माहितीसाठी
सासूबाईंच्या घराला गं.

मी हसले. बाबांनी वर पाहिलं आणि विचारलं, "काही चुकलंय का?" त्यांच्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती. मी नाही म्हटलं. "पृष्ठांकन म्हणजे काय, बाबा?" त्यांनी सांगितलं की आलेल्या कागदाच्या पाठीवर शेरा लिहून तो पुढच्या टेबलाकडे धाडायचा, त्याला पृष्ठांकन म्हणतात. नवरीलाही पाठीवर हात उमटवूनच पुढच्या घरी धाडतात, हे त्यांनी गिरगावात आत्याच्या लग्नात पाहिलं होतं. इतकं बोलून ते निवलेला बोंबील खायला बसले. तेव्हा मला ते फार साधं वाटलं. आज चार दशकांनी वाटतं की माझ्या ओळखीत एवढी नेमकी उपमा दुसऱ्या कोणाला सुचलेली नाही, आणि ज्याला सुचली त्याला उपमा म्हणतात हेही बहुधा आठवलं नसावं.

रेकॉर्डिंग रसिकभाईंच्या घरातल्या मागच्या खोलीत झालं. भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या. गाणार होती काशीगावची पारूबाई. जाड, ठेंगणी, पन्नाशीची आगरी बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्या सबंध पट्ट्यात तिच्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून बाबा एकेक ओळ म्हणून दाखवायचे आणि ती डोळे मिटून ऐकायची.

"उपरोक्त म्हंजे काय रं?" तिने विचारलं.

"वर सांगितलेली."

"वरची? म्हंजे देवाघरची हलद?"

चुकीचा अर्थ दुरुस्त न करता पुढे जाणं बाबांना जमत नसे. पण ढोलकीवाल्याला दुसरीकडे जायचं होतं आणि रसिकभाई घड्याळ दाखवत होते. "तसं समजायला हरकत नाही," ते म्हणाले.

मग पारूबाईने ते असं म्हटलं की गाद्यांना टेकून बसलेली आम्ही सगळी सरळ झालो. 'उपरोक्त' या शब्दावर ती आवाज असा वर न्यायची की खरोखर कुठूनतरी वरून हळद येतेय असं वाटावं. तिसऱ्या कडव्यात पाणी आलं आणि पलीकडे पंप सुरू झाला. रसिकभाई कपाळाला हात लावून बसले, पण पारूबाई थांबली नाही. ती घरघर कॅसेटमध्ये तशीच राहिली. पुढे बॅन्डवाले हे गाणं वाजवायचे तेव्हा तिसऱ्या कडव्याला मोठ्या ढोलावर मुद्दाम तसा आवाज काढायचे.

कॅसेटचं वेष्टन छापून आलं. त्यावर आठही गाण्यांपुढे एकच शब्द होता: पारंपरिक. बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "सरकारी नोकराला बाहेरचं काम करायला परवानगी लागते," ते आईला म्हणाले, "तेव्हा हे ठीकच झालं." पण ती कॅसेट त्यांनी आपल्या कपाटात, दाखल्यांच्या फाइलखाली ठेवली.

त्या वर्षीच्या लग्नसराईत काय झालं हे सांगितलं तर आता कोणाला खरं वाटत नाही. आमच्या गल्लीत, नवघरच्या जुन्या गावठाणात, काशीगावात, खाडीपलीकडे वसईपर्यंत, जिथे मांडव तिथे 'सदर नवरी'. रिक्षावाले ते लावायचे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या गुजराती लग्नात पिठीच्या, म्हणजे त्यांच्या हळदीच्या, वेळी तीन वेळा वाजलं. एकदा वर्गात बाईंनी 'सदर'चा अर्थ विचारला तर सगळ्या मुली एका सुरात 'नवरी' म्हणून ओरडल्या. बाबा संध्याकाळी स्टेशनवरून चालत यायचे, वाटेत दोन-तीन मांडव लागायचे. कुठेही न थांबता ते पुढे यायचे. मात्र एरवी वीस मिनिटांत घरी पोचणारा माणूस त्या दिवसांत पस्तीस मिनिटं घ्यायला लागला होता.

आणि मग ते गाणं बाबांच्या मोठ्या साहेबांच्या पुतणीच्या हळदीत वाजलं.

साहेबांना बाकी कशाची शंका आली नसती. पण 'तपासून घ्यावी सारी' यावर ते अडले. सगळी कचेरी 'सर्व' लिहायची. 'सारी' लिहिणारा एकच मनुष्य होता. सोमवारी बाबांच्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस आली: शासकीय परिभाषेची टवाळी करणारे गीत परवानगीशिवाय रचल्याबाबत आपणांवर कारवाई का करू नये. बाबांनी ती डब्याच्या पिशवीतून घरी आणली आणि आईसमोर ठेवली.

"आता?" आई म्हणाली.

"मसुदा चांगला आहे," बाबा म्हणाले. मग ओशाळून म्हणाले, "नमुना मीच करून दिला होता. सहा वर्षांपूर्वी."

त्या आठवड्यात घरात कोणी नीट जेवलं नाही. फ्लॅटचे हप्ते होते, माझं कॉलेज पुढच्या वर्षी सुरू व्हायचं होतं. बाबांचं म्हणणं एकच: गाणं मी लिहिलंय, टवाळी केलेली नाही, तसं खरं लिहून देतो. आई सुरुवातीला रडली. मग एका सकाळी ती दाखल्यांच्या फाइलखालून कॅसेट काढून आली आणि बाबांपुढे धरली. "अहो, यावर काय छापलंय? पारंपरिक. छापील कागदाच्या विरुद्ध बोलणारे तुम्ही कोण?"

छापील कागदाच्या विरुद्ध बाबा जन्मात कधी बोलले नव्हते. तरी त्यांचा हात चालेना. शेवटी त्यांनी मला समोर बसवलं. "मी सांगतो, तू लिही." मी लिहीत गेले: सदर गीत पारंपरिक असल्याचे ध्वनिफितीच्या वेष्टनावरून दिसून येते. सदर गीताशी माझा. इथे ते थांबले. खाली कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. बाबा खिडकीच्या गजाचा एक पापुद्रा नखाने काढत उभे राहिले. मी पेन धरून बसले होते. माझ्याकडे पाठ करूनच ते म्हणाले, "काहीही संबंध नाही. पूर्णविराम." गाणं एका दुपारी झालं होतं. हे एक वाक्य व्हायला पाच दिवस लागले.

दरम्यान आई मला घेऊन काशीगावला पारूबाईकडे गेली. ती अंगणात सुकट निवडत होती. आईने सगळं सांगितलं, गाणं जुनंच आहे असं खोटं सांगशील का म्हणून विचारलं. पारूबाईने सुपातला कचरा उडवला. "त्यात काय? माजे आजीचे आजीचा गाना हाय, असा सांगीन. यवडाच ना?"

चौकशीला तिच्यासोबत मी गेले, कारण तिला एकटीला मुंबईत कचेरी सापडली नसती. साहेबांची खोली मोठी होती. बाबा भिंतीला लागून हात जोडून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पारूबाई खुर्चीवर मांडी घालून बसली.

"हे गाणं तुमच्याकडे किती वर्षांपासून आहे?" साहेबांनी विचारलं.

"माजे आजीचे आजीला तिचे सासूने शिकवला."

"त्या काळी तुमच्या गावात 'उपरोक्त' हा शब्द कुठून आला?"

"वरून," पारूबाई म्हणाली.

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "बरं. आणि पृष्ठांकन? पृष्ठांकन म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?"

पारूबाई उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि पंजा पसरून साहेबांच्या पाठीत अशी थाप मारली की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. "ह्यो," ती म्हणाली. "ह्याला म्हनतान पृष्ठांकन."

दारातला शिपाई आत बघत राहिला. मला वाटलं, संपलं, बाबांची नोकरी गेली. पण पारूबाईने परत जागेवर येऊन डोळे मिटले आणि कोणी न सांगता गायला सुरुवात केली. बाहेर टाइपरायटरचा आवाज आधी कमी झाला, मग थांबला. दुसऱ्या कडव्याला दारात आठ-दहा माणसं होती. तिसऱ्याला आस्थापनेतल्या दोन बायका तिच्यासोबत म्हणायला लागल्या, त्यांना ते आधीपासून पाठ होतं. मोठ्या साहेबांचं एक बोट टेबलावर ठेका धरत होतं, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी ते मुठीत घेतलं.

गाणं संपल्यावर त्यांनी फाइलवर शेरा लिहिला: गीत पारंपरिक. प्रकरण दफ्तरी दाखल. मग बाबांकडे वळले. "खातू, तुम्हाला येतं का हो हे?"

"नाही, साहेब," बाबा म्हणाले.

त्यानंतर घरात त्या गाण्याचा विषय निघाला नाही. कॅसेट फाइलखाली परत गेली. बाबा स्टेशनवरून पुन्हा वीस मिनिटांत घरी येऊ लागले, मांडव असला की पलीकडच्या फुटपाथने. मी बी.ए. झाले, शाळेत नोकरीला लागले, लग्न ठरलं. हळद आमच्याच इमारतीच्या गच्चीवर, सकाळी दहाला. बाबांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. कचेरीतली मंडळी आली होती, मोठे साहेबही आले होते आणि ताटलीत बटाटेवडा घेऊन खुर्चीवर बसले होते. आईने पारूबाईला बोलावलं होतं. ती आता थकली होती, काठी घेऊन चार मजले चढून आली आणि आल्या आल्या तिने सूर लावला.

सदर नवरी म्हणजे यावेळी मी होते. पाटावर बसून मी ऐकत होते. इतक्या वर्षांत, इतक्या तोंडांतून फिरून गाण्याची थोडी पडझड झाली होती. 'मुदतीत'चं 'मुठीत' झालं होतं. तिसऱ्या कडव्यात पारूबाई आणि तिच्यामागच्या सगळ्या बाया ठणठणीत आवाजात म्हणाल्या, 'मामीचे पिठाचं अंगण गं'.

बाबा जिन्याजवळ सरबताचे पेले मोजत होते. त्यांचा हात थांबला. बायांनी ती ओळ दुसऱ्यांदा म्हटली. तेव्हा ते ट्रे तिथेच ठेवून सरळ मांडवात आले.

"पिठाचं अंगण नाही," ते म्हणाले. "पृष्ठांकन."

ढोलकी थांबली. पारूबाईने मान वर केली. "तुला काय ठावं? तुजा गाना हाय काय?"

आई माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा खांदा इतका घट्ट धरला की हळदीचं बोट न बोट उमटलं. साहेबांचा वडा तोंडाशी गेला तसाच राहिला. बाबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "माझं आहे. मी लिहिलंय."

मी पारूबाईकडे बघत होते. ती आता हसेल, डोळा मारेल असं मला वाटलं. पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. ती खरोखर रागावली होती. "तोंड सांबाल, साहेब. माजे आजीचे आजीचा गाना हाय. तुजे हापिसात जाऊन सांगलाय मी, तवा तू थयंच हुता." बाकीच्या बायांनी माना हलवल्या. कोणीतरी म्हणालं, हो हो, फार जुनं आहे, आमच्या माहेरीही म्हणायचे. आणि मोठे साहेब हसायला लागले. "अहो खातू, मुलीच्या लग्नात माणूस हळवा होतो. त्या गाण्याचं काय आहे, सगळ्यांनाच ते आपलं वाटतं." त्यांनी वडा खाल्ला.

बाबा मांडवाच्या मधोमध उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नोकरी पणाला लावून खरं सांगितलं होतं आणि एकाही माणसाने त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता. मला वाटलं ते आता खाली निघून जातील. त्यांनी पॅन्ट गुडघ्याशी थोडी वर ओढली आणि बायांच्या रांगेत, पारूबाईच्या समोर, सतरंजीवर बसले. मग गायला लागले. आवाज अगदीच बेताचा, पत्र वाचून दाखवावं तसा, पण सूर होता. चारही कडवी त्यांनी म्हटली, एकेक शब्द स्वच्छ. बाया आधी हसल्या, मग ऐकू लागल्या. 'पाठीवर उठली पाचही बोटं' आलं तेव्हा माझ्या मामीने पंजा हळदीत बुडवून माझ्या पाठीवर ठेवला, आणि बाबा माझ्याकडे बघून 'पृष्ठांकन' म्हणाले. 'सासूबाईंच्या घराला गं' हे शेवटचं मात्र त्यांना नीट म्हणता आलं नाही.

पारूबाई काठीवर हनुवटी टेकून ऐकत होती. संपेपर्यंत तिचा राग गेला होता.

"बरा म्हनतंस रं," ती म्हणाली. "कोनी शिकवला तुला?"

बाबांनी हळदीची वाटी जवळ ओढली.

"तुम्हीच, पारूबाई," ते म्हणाले, आणि मला हळद लावायला उठले.